साडेचार बाय तीन

मास्तरांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी मास्तरांची कंबर उतरायला लागली. घरात एकदम दोन तोंडं वाढलेली. त्या गडबडीत एका कमरेकडे कोण बघणार? थोरली दोन्ही बाळांना घेऊन मुक्कामाला आली होती. गॅलरीतल्या दोरीवर दुपट्यांची रांग असायची आणि रांगेच्या टोकाला मास्तरांच्या तीन पँटी. त्या पँटी मास्तर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून इंच-इंच आत घेत होते. गुपचूप. दुसऱ्याची पँट सैल झाली तर तो शिंप्याकडे जातो. शिंप्याची झाली तर त्याने तोंड कुठे लपवायचं?

मास्तर म्हणजे कापड कापणारे मास्तर, शाळेतले नव्हेत. शाळेचं आणि त्यांचं चार दिवसांपलीकडे जमलं नव्हतं. अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती, आकड्यांशी मात्र घरोबा होता. मापाच्या वहीत ते गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी चित्र काढायचे. ज्याचं नाक मोठं त्याचं नुसतं नाक, टकल्याचा एक गोल, वकिलाचा चष्मा, आणि पुढे छाती, कंबर, उंची. ती वही ते जिवापाड जपत, कारण ती गिऱ्हाइकांच्या हाती लागली असती तर निम्म्यांनी दुसरा शिंपी गाठला असता.

तर कंबर. सदतीसची छत्तीस झाली, छत्तिसाची साडेचौतीस. जोडीला चार घास खाल्ले की पोट तुडुंब भरल्यासारखं वाटायचं. छातीच्या खाली, बरोबर मधोमध, कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. करपट ढेकर यायचे. पण ह्या सगळ्यावर इलाज घरातच होता. मास्तरांचा मेहुणा वीस वर्षं औषधांच्या दुकानात कामाला होता आणि गल्ली त्याला गोळीशास्त्री म्हणायची.

"दाजी, हा गॅस," गोळीशास्त्री पहिल्या दिवशी म्हणाला.

"हे पित्त," तो पुढच्या महिन्यात म्हणाला.

"हा पित्तामुळे झालेला गॅस," तो तिसऱ्या महिन्यात म्हणाला, आणि पांढऱ्या गोळ्यांच्या जोडीला गुलाबी औषधाची बाटली आली.

गोळी घेतली की दोन तास बरं वाटायचं. खरी पंचाईत तीच होती. मुळीच बरं वाटलं नसतं तर मास्तर कदाचित उठून खऱ्या डॉक्टरकडे गेले असते. पण दुखणं पांघरूण घेऊन पडून राहिलं, आणि मेहुण्याचा मान वाढला.

कमरेचं कोडं मास्तरांनी स्वतःच सोडवलं. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरली की ताणली जाते. खुणा एकमेकींपासून लांब जातात आणि सदतीसची कंबर मग छत्तीस दिसते. हे शिंपीकामातलं खरंखुरं ज्ञान आहे. मास्तरांनी तेच पाजळलं.

"टेप ताणली गेलीय," ते काजं-बटणं करणाऱ्या मावशींना म्हणाले. मावशी पंधरा वर्षं दुकानाच्या उंबऱ्याशी बसून काजं करत होत्या आणि गल्लीत ये-जा करणाऱ्या प्रत्येकावर लक्ष ठेवत होत्या.

"टेबलावर लोखंडी पट्टी आहे की. टेप तिला लावून बघा."

"पट्टी टेपेच्याच वयाची आहे."

"लोखंड ताणतं होय, मास्तर?"

"मावशी, तुम्ही काजं करा."

मावशींनी काजं केली. मास्तरांनी नवी टेप आणली, शटर अर्धं ओढलं आणि ती कमरेला लावली. चौतीस. जुनीपेक्षाही अर्ध्या इंचाने कमी! मास्तरांनी ती बाजूला भिरकावली. "हल्लीच्या टेपा कारखान्यातूनच ताणून येतात," ते म्हणाले. चाळीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाने स्वतःवर शंका घेण्याआधी जगातल्या सगळ्या टेपांवर घ्यावी, हे रीतीला धरूनच होतं.

त्याच सुमाराला मोठ्या इस्पितळातल्या पहारेकऱ्यांचे आणि वॉर्डातल्या माणसांचे गणवेश शिवायचं काम आलं. बेचाळीस जोड. मास्तरांनी सगळ्यांची मापं घेतली आणि ताणलेल्या टेपेचा दोष आपल्या गिऱ्हाइकांना लागू नये म्हणून प्रत्येक कमरेत दीड इंच वाढवला.

गणवेश गेले. आठव्या दिवशी इस्पितळातून निरोप आला की मोठ्या सिस्टरनी बोलावलंय, आत्ता, आहात तसे या.

मास्तर गेले. फाटकाशी दोन पहारेकरी उभे होते, दोघांचाही डावा हात कमरेवर. आत व्हरांड्यात आणखी पाच, त्यांचाही हात कमरेवर. बघणाऱ्याला वाटावं, नाच शिकताहेत. पण खरी दैना वॉर्डातल्या माणसांची होती. स्ट्रेचर उचलायला दोन हात लागतात. स्ट्रेचर धरलं की पँट खाली, पँट धरली की पेशंट खाली.

मोठ्या सिस्टर म्हणजे सगळ्या इस्पितळाला कडक इस्त्री करणारी बाई. डॉक्टरसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना कॉलर नीट करत.

"मास्तर, हे शिवलंय काय? पँटी की तंबू?"

"टेप ताणली गेली होती, सिस्टर. म्हणून जरा सैल हाताने कापलं."

"दाखवा ती टेप."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून दिली. सिस्टरनी खणातून आपली काढली. पोटात पाणी झालेल्या पेशंटांची पोटं मोजायची ती. दोन्ही टेपा टेबलावर शेजारी-शेजारी पसरल्या. शून्याला शून्य, साठाला साठ. एका दोऱ्याचाही फरक नाही.

"टेप बरोबर आहे. आता बोला."

मास्तर टेपेवरचे आकडे पुन्हा मोजायला लागले. सिस्टर खुर्चीतून उठल्या आणि काही न विचारता टेप मास्तरांच्या कमरेभोवती फिरवली. चाळीस वर्षांत मास्तरांचं माप दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं. ते एकदम गिऱ्हाइकासारखे हात वर करून उभे राहिले.

"तेहतीस. आधी किती होती?"

"सदतीस."

"किती महिन्यांत?"

"जुळं झालं तेव्हापासून."

"कोणाला?"

"थोरलीला."

"मग वजन तिचं उतरायला हवं होतं. तुमचं का उतरलं?" सिस्टरनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली म्हणून नव्हती, धुऊन धुऊन विटलेल्या अस्तरासारखा रंग. "जेवण जातं?"

"चार घास."

"शौचाला काळं होतं? डांबरासारखं?"

मास्तरांनी फरशीकडे बघितलं. "ते औषधांनी होतं असं मेहुणे म्हणाले."

"मेहुणे डॉक्टर आहेत?"

"औषधांच्या दुकानात आहेत." मग आपल्या माणसाची बाजू राखावी म्हणून ते म्हणाले, "काउंटरच्या आतल्या बाजूला."

सिस्टरनी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दुर्बीण झाली. दुर्बीण म्हणजे एक काळी नळी. टोकाला दिवा, ती घशातून पोटात उतरवतात. मास्तरांना त्यातलं एवढंच आठवत होतं की आतून काहीतरी चिमटा घेतल्यासारखं झालं आणि कोणीतरी म्हणालं, "सहा तुकडे घेतलेत, पाठवा तपासायला." पुढे पोटाचे फोटोही निघाले, एका मोठ्या गोल यंत्रातून सरकवून.

निकालाच्या दिवशी घरची तिघं सोबत होती. बायको, थोरली आणि गोळीशास्त्री. पोटाचे सर्जन तरुण होते. त्यांनी फाइल उघडली, मास्तरांकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर जाऊन वजन करून या."

मास्तर वजन करून आले तर दार आतून बंद. ते बाकावर बसले. वजन कागदाच्या चिठ्ठीवर होतं, ते त्यांना वाचता येत होतं, आणि ते वाचण्यासारखं नव्हतं. अर्ध्या तासाने तिघं बाहेर आली. तिघांचेही चेहरे ताजी इस्त्री केल्यासारखे.

"काय म्हणाले?"

"अल्सर," गोळीशास्त्री म्हणाला.

"सूज," थोरली म्हणाली.

"उष्णता," बायको म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग गोळीशास्त्रीने शिवण जुळवली, "म्हणजे दाजी, उष्णतेने सूज आली आणि सुजेचा अल्सर झाला."

त्या दिवसापासून घरात सगळे मूग गिळून बसले. पण असं काही एकट्याने गिळता येत नाही. बायकोने सांगितलं फक्त बहिणीला, थोरलीने फक्त नवऱ्याला, आणि गोळीशास्त्रीने फक्त दुकानात येणाऱ्यांना. चौथ्या दिवशी एक मास्तर सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मास्तरांना माहीत नव्हतं, पण कळत होतं. आधी बायकोवरून कळलं. तेहतीस वर्षांच्या संसारात जिने एकही वाद अर्धवट सोडला नव्हता, ती आता म्हणू लागली, "तुम्ही म्हणाल तसं." मास्तरांनी परीक्षा घ्यायची ठरवली.

"ह्या स्वयंपाकात मीठ नाही."

"हो का? माझंच चुकलं."

मीठ बरोबर होतं. मास्तरांच्या पोटात गोळा आला. आधी होता त्याच्या वर हा दुसरा.

मग गिऱ्हाइकं. सहा-सहा महिने शिवून पडलेले कपडे न्यायला ज्यांना सवड नव्हती, ती माणसं रांग लावू लागली. सगळ्यांचा आवाज हळू. "घाई मुळीच नाही, मास्तर. पण गुरुवारपर्यंत होईल का?" वकील तर तीन पँटींचं कापड घेऊन आले आणि म्हणाले, "आत्ताच कापून ठेवा. कापलेलं असलं की शिवायचं काय, कोणीही शिवेल." बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि चष्मा पुसत ते निघून गेले.

भेटायला येणारेही वाढले. एक जण म्हणाला दूध बंद करा, दुसरा म्हणाला फक्त दुधावर राहा. शेजारीण कसल्याशा पाल्याचा रस घेऊन आली. तिच्या ओळखीत कोणाला तरी त्याने गुण आला होता. कोणाला, कशावर, हे तिला आठवत नव्हतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. कॉलर कशी हवी ते गिऱ्हाइकाला नक्की ठाऊक नसतं आणि सांगायचं मात्र असतंच, हे त्यांना सवयीचं होतं.

पण एक गोष्ट त्यांना सवयीची नव्हती. ते रोज थोडे-थोडे कमी होत होते आणि कोणी काही करत नव्हतं. दुर्बीण झाली, फोटो झाले, आणि पुढे शांतता. अल्सर असेल तर औषध कुठे आहे? दुसरं काही असेल तर ते काढत का नाहीत? कापड बिघडत चाललंय आणि कारागीर हातावर हात ठेवून बसलेत, असला प्रकार त्यांनी दुकानात कधी खपवून घेतला नव्हता.

इस्पितळाची फाइल बैठकीच्या कपाटावर उघडीच पडलेली असायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून कागद लपवायची गरज कोणाला वाटली नव्हती. घरच्यांची चूक झाली ती एवढीच. एका दुपारी बायको दुकानात कपडे पोचवायला गेली, थोरली बाळांना घेऊन झोपली, आणि मास्तरांनी फाइल खाली काढली.

पानावर मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं. मास्तर त्यांच्यावरून बोट फिरवत आकडे शोधत राहिले. तारीख. वय, सत्तावन्न. आणि तिसऱ्या पानावर मधोमध दोन आकडे, मध्ये फुली: साडेचार, फुली, तीन. पुढे दोन अक्षरं. ती दोन अक्षरं जगातल्या सगळ्या अक्षरांपैकी मास्तरांना ओळखता येत होती, कारण टेपेच्या उलट्या बाजूला ती छापलेली असतात. सेंटिमीटर.

म्हणजे माप होतं. लांबी आणि रुंदी. ज्या गोष्टीला लांबी-रुंदी असते ती गोष्ट गॅस नव्हे.

संध्याकाळी दुकानात सगळी माणसं जमली होती. गोळीशास्त्रीने बैठक बोलावली होती. मास्तरांना हवापालटाला पाठवावं असा विषय होता. मास्तर कापायच्या टेबलामागे उभे होते. त्यांनी करड्या अस्तराचा एक तुकडा घेतला, टेप उलटी केली, खडूने चार खुणा केल्या आणि कात्री चालवली. तळहातात मावेल एवढी चिंधी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हे काय?" थोरलीने विचारलं.

"साडेचार बाय तीन. हे माझ्या पोटात आहे. कागदावर लिहिलंय. ह्याचं नाव काय ते तेवढं मला वाचता आलं नाही."

बायकोने पदर तोंडाला लावला.

"अल्सर, दाजी," गोळीशास्त्री म्हणाला. "सांगितलं ना तुम्हाला..."

"अल्सर असता तर तू गोळी दिली असतीस. तू गोळ्या देणं बंद केलंस तेव्हाच मला शंका आली. वीस वर्षांत तू कोणाला गोळी दिली नाहीस असं झालंय का?"

थोरली रडायला लागली. उंबऱ्याशी मावशी काज करत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"कॅन्सर आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "पोटाचा. माझ्या नवऱ्याला तोंडाचा होता. त्यालाही आम्ही सांगितलं नव्हतं. तो गेला तेव्हा मला विचारत होता, दात दुखून माणूस एवढा कसा वाळतो. त्याचं उत्तर मी अजून देतेय. तुम्ही मला काजं करायला सांगाल, पण मी सांगणार."

मास्तरांनी मान हलवली. हातातली कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, मग उचलून पुन्हा जागेवर टांगली.

"तुम्हाला किती दिवस माहीत आहे?"

"सतरा," थोरली म्हणाली.

"आणि डॉक्टर काय म्हणाले होते?"

"लगेच सुरू करा म्हणाले. आधी सलाइनमधून औषधं, मग ऑपरेशन."

"मग सतरा दिवस काय करत होतात?"

शेवटी सगळं बाहेर आलं. मास्तरांना न कळवता त्यांचं ऑपरेशन कसं करावं, ह्यावर सतरा दिवस खल चालला होता. गोळीशास्त्रीचं मत होतं की अपेंडिक्स सांगावं.

"अपेंडिक्स सांगून पोट काढायचं?" मास्तर म्हणाले. "सदऱ्याचं बटण लावतो सांगून बाही काढायची? आणि औषधांनी केस गळाले असते तर काय सांगणार होतास?"

"उष्णता," गोळीशास्त्री पुटपुटला.

मावशी हसल्या. मग थोरलीही रडता-रडता हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो रोगाचा नव्हता. सतरा दिवस! गिऱ्हाइकाचा साधा पायजमा ते सतरा दिवस अडकवून ठेवत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्पितळात निघाले. सोबत फक्त बायकोला घेतलं. रस्त्यात ती म्हणाली, "अहो, मला वाटलं, तो शब्द ऐकूनच तुम्ही खचाल."

"मी काय शब्दाने मरणार आहे?"

"मग मी काय करायला हवं होतं?"

"भांडायला हवं होतंस. तू मीठ कबूल केलंस तेव्हा मी खरा घाबरलो."

ती रस्त्यातच थांबली. "मीठ बरोबर होतं," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडाला चव नाही."

"आता कसं," मास्तर म्हणाले आणि चालायला लागले.

सर्जननी त्यांना बघून पुन्हा तेच गोड हसू काढलं. "काका, तुम्ही जरा वजन..."

"वजन खाली करून आलोय. हे घ्या." मास्तरांनी चिठ्ठी ठेवली आणि शेजारी करड्या अस्तराची चिंधी ठेवली. "एवढं आहे ना?"

सर्जननी चिंधीकडे बघितलं, मग फाइलकडे, मग मास्तरांच्या बायकोकडे. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच कागदाने. आता हे काय आहे ते मला समजावून सांगा. मी शिंपी आहे. कापण्या-शिवण्यातलं मला कळतं."

सर्जन आधी गडबडले. पेशंटला समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती. आतापर्यंत ते पेशंटच्या मेहुण्यांना समजावत आले होते. पण त्यांनी कागद ओढला आणि पोट काढलं, शेंगेसारखं वाकडं. खाली जिथे ते अरुंद होतं तिथे रेघोट्या मारल्या. पोटाला आतून अस्तर असतं, ते म्हणाले. कॅन्सर त्या अस्तरात सुरू होतो. अंगातल्या पेशी ठरावीक हिशेबाने वाढतात आणि मरतात; ह्या हिशेब मोडून वाढत सुटतात. अस्तरातून बाहेरच्या थरात शिरतात, शेजारच्या गाठींत जातात. सुरुवातीला दुखतही नाही. पित्त वाटतं, गॅस वाटतो.

"आणि गोळीने बरं वाटतं," मास्तर म्हणाले.

"काही दिवस. म्हणून तर लोक उशिरा येतात."

"माझ्या कुठवर गेलंय?"

"थर ओलांडलाय. जवळच्या काही गाठींत आहे. यकृतात नाही, लांब कुठे दिसत नाही."

"किती कापणार?"

सर्जननी चित्रावर आडवी रेघ मारली. खालचं दोन तृतीयांश पोट.

"चिंधी एवढीशी आणि कापणार एवढं?"

"कडेचं चांगलं दिसणारंही घ्यावं लागतं. दिसतं चांगलं, पण..."

"कसर लागलेलं कापड," मास्तर म्हणाले. "लोकरीच्या कोटाला नाण्याएवढं भोक दिसतं, पण भोवतीचा वीतभर धागा खाल्लेला असतो. तेवढंच रफू केलं तर महिन्याने शेजारी फाटतं. कापा. उरलेलं कशाला जोडणार?"

"आतड्याला."

"टाका कोणता घालणार?"

"टाके नाही, काका. मशीन असतं. पिना मारतो."

मास्तरांचा चेहरा उतरला. काल कॅन्सर ऐकून उतरला नव्हता एवढा. "पिना?" ते म्हणाले. "पोटाला?"

"चांगल्या असतात."

"असतील. पण वरून हाताने एक शिवण घाला. माझ्या समाधानासाठी."

सर्जन मनापासून हसले आणि म्हणाले, घालतो. मग मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

"वाचतात किती?"

सर्जन बायकोकडे बघायला लागले.

"तिच्याकडे नको. माझ्याकडे बघा."

"ह्या टप्प्यावर सगळे उपचार करूनही पाच वर्षं गाठणारे निम्म्याहून कमी असतात. काहीच केलं नाही तर एक वर्षही कठीण."

"सतरा दिवस आधी आलो असतो तर?"

"सतरा दिवसांनी बहुतेक फार फरक पडला नसता. त्याच्या आधीच्या सहा-सात महिन्यांनी पडला असता."

ते सहा-सात महिने कोणाचे होते ते मास्तरांना पुरतं ठाऊक होतं. निम्मे मेहुण्याचे, निम्मे टेपेला नावं ठेवणाऱ्याचे.

कारकुनाने संमतीचा कागद आणला आणि म्हणाला, नातेवाइकाने इथे सही करा. बायकोने पेन घेतलं. मास्तरांनी तिच्या हातातून ते काढून कारकुनाला परत दिलं.

"पोट माझं. अंगठा माझा. शाई आणा."

औषधं झाली, केस गेले, ऑपरेशन झालं. पाच तास लागले. सर्जननी खरंच हाताने एक शिवण घातली की नुसतंच तसं सांगितलं, हे मास्तरांना कधी खात्रीने कळलं नाही. बाहेरच्या व्रणावरचे टाके मात्र त्यांनी आरशात बघितले आणि "मधले दोन जरा तिरके आहेत" असं मोठ्या सिस्टरना सांगून ठेवलं.

उरलेल्या टीचभर पोटात मास्तर दिवसातून सहा वेळा मूठ-मूठ जेवू लागले. अर्धं अंडं, ब्रेडचा एक तुकडा, पाव वाटी दूध. घाईने खाल्लं तर घाम फुटायचा, चक्कर यायची. बायको समोर बसून घास मोजायची आणि दर घासाला भांडायची. कंबर एकतीसवर येऊन थांबली. सगळ्या पँटी पुन्हा कापाव्या लागल्या. ह्या वेळी शटर उघडं ठेवून.

दुकानात मात्र मास्तर गिऱ्हाइकांना छळायला लागले. नवं माप घेतलं की वही उघडून जुनं बघायचे. "दोन इंच कमी. का?" गिऱ्हाईक म्हणायचं, पळायला जातो. "पळताय हे बायकोला ठाऊक आहे? तिला पाठवा, मी विचारतो." एका लठ्ठ व्यापाऱ्याने महिनोन्महिने उपास काढून कंबर उतरवली होती, त्याला कौतुक हवं होतं आणि मिळाली इस्पितळाची चिठ्ठी. तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. वकिलांची कंबर तीन इंच उतरली होती. ते कोर्टात कोणावर ओरडत नसतील असे मास्तरांवर ओरडले, पण गेले. त्यांना साखरेचा आजार निघाला. त्यांनी आभार मानले नाहीत, पँटी मात्र पुढेही इथेच शिवल्या.

गोळीशास्त्री तर पार दुसऱ्या टोकाला गेला. आता तो काउंटरवरून ढेकर देणाऱ्या प्रत्येकाला दुर्बिणीला पाठवू लागला. मालकाने त्याला समज दिली की गॅसच्या गोळ्या विकायला ठेवल्यात, लोकांना घाबरवायला नाही. मास्तरांसमोर बसला की मात्र तो गप्प असायचा. एकदा न राहवून म्हणाला, "दाजी, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे निम्मं," मास्तर म्हणाले. "निम्मं माझं मला ठेव."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पोट फुगायला लागलं. पुन्हा फोटो काढले. ह्या वेळी सर्जननी कोणालाही वजन करायला पाठवलं नाही. सगळे खोलीत असतानाच ते म्हणाले, काका, परत आलाय, पोटाच्या पडद्यावर पसरलाय, आता कापून उपयोग नाही. थोरलीने बाबांचा हात धरून कॅन्सर हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला, म्हणजे ह्या वेळी कोणी काही लपवलं असं व्हायला नको. मास्तरांनी दोनच गोष्टी विचारल्या: किती दिवस, आणि दुखेल का. चार-सहा महिने, सर्जन म्हणाले. दुखेल, पण त्यावर औषध आहे.

त्या महिन्यांत मास्तरांनी हातातलं सगळं काम पुरं केलं. नवं काम घेताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "मला पोटाचा कॅन्सर आहे, मे महिन्यापुढचं काही देऊ नका." पहिल्यांदा लोक दचकायचे. मग सवय झाली आणि लोक नीट बोलू लागले, कपड्यांचं, दुखण्याचं, मुलांचं. दुकान मावशींच्या हवाली झालं.

मास्तर ऑपरेशननंतर तीन वर्षं आणि पाच महिन्यांनी गेले. एप्रिलच्या नऊ तारखेला, गुरुवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, स्वतःच्या घरी. वय एकसष्ट. बायको, थोरली आणि मेहुणा जवळ होते.